ओला टॉवेल

अण्णांना जाऊन वर्ष झालं आणि ऋतुजानं त्यांच्यावर सिनेमा काढायला घेतला. कॅमेरा मैत्रिणीचा, घर स्वतःचं, दुःखही घरचंच. आईची अट एकच होती. "ह्यांचं काम करणारा माणूस आधी मला दाखव. ह्यांच्यासारखा वाटला तरच माझ्या घरात शूटिंग."

बार्शीच्या नाटकातले मकदूमभाई आले. अण्णांची मिशी लावली, अण्णांचा सदरा घातला, अण्णांसारखं खाकरूनही दाखवलं. आई ढिम्म. शेवटी ते आंघोळ करून आले आणि जन्मभर एमआयडीसीत टॉवेल विणलेल्या अण्णांच्या थाटात ओला टॉवेल गादीवर फेकला.

"अवो, किती येळा सांगायचं! गादी कुजली की!" आई कडाडली. वर्षभरात पहिल्यांदाच तिचा आवाज शेजारच्या घरापर्यंत गेला. ऋतुजाला भरून आलं. माणूस पास!

"चुकलं माझं," म्हणत मकदूमभाईंनी टॉवेल उचलला, अंगणातल्या दोरीवर नीट वाळत घातला, वर दोन चिमटेही लावले.

आईचा चेहरा पडला. "दुसरा बघ बाई. ह्यो न्हाय चालायचा."

"का गं आई?"

"अगं, एकदाच सांगितलं, तर ऐकलं की त्यानं!"