अर्धं दुकान

काचेचं दार आपोआप बाजूला झालं तशा सासूबाई दचकून थांबल्या. मग एक पाऊल मागे घेऊन त्यांनी दार पुन्हा मिटू दिलं, पुन्हा पुढे होऊन उघडवलं, आणि खूश होऊन आत शिरल्या.

सून ट्रॉली ढकलत मागोमाग निघाली. तिने त्यांना इथे मुद्दाम आणलं होतं. बाजाररस्त्यावरचं त्यांचं हार्डवेअरचं दुकान औषधांच्या एका कंपनीला भाड्याने हवं होतं आणि सासूबाई सहीला तयार नव्हत्या. 'एकदा ते हार्डवेअरचं नवं मोठं दालन डोळ्यांनी बघा, मग बोलू,' असं ती म्हणाली होती. चाळीस वर्षं माल हाताळलेली ही बाई इथे नाक मुरडणार, वाद घालणार, अशी तिची तयारी होती.

सासूबाई मात्र प्रत्येक मांडणीपाशी रेंगाळत होत्या. "किती छान लावलंय गं! आपल्याकडे एक कडी काढायची तर चार डबे उतरवावे लागतात." त्यांनी एका बिजागरीवरून बोट फिरवलं. "आणि धूळ नाही बघ कुठे."

अर्धी लढाई जिंकली, असं सुनेला वाटलं.

नळांच्या रांगेत एक चष्मेवाला गृहस्थ रुमालात गुंडाळलेला पितळी तुकडा घेऊन उभा होता. पिवळ्या टी-शर्टातला विक्रेता हातातल्या टॅबवर बोट सरकवत म्हणाला, "सुटा पार्ट दाखवत नाहीये, साहेब. पूर्ण नळच घ्या."

"बघू," म्हणत सासूबाईंनी तुकडा हातात घेतलासुद्धा. नखाने टोक खरवडलं. "नळाला काही झालेलं नाही. हा रबरी वायसर झिजलाय. बंद केला तरी ठिबकतो ना?"

"दोन महिने झाले. झोप उडालीय घरात."

"नखाएवढी वस्तू आहे हो ती. त्यासाठी आख्खा नळ कशाला बदलताय?"

शेजारी एक नवरा-बायको ड्रिलचं खोकं घेऊन घुटमळत होते. बायकोने विचारलं, "काकू, आरसा टांगायचाय, पण आमच्या भिंतीत खिळाच टिकत नाही."

"भुगा कसा पडतो? पांढरा की लाल?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "पांढरा," नवरा म्हणाला. "लाल," बायको म्हणाली.

"म्हणजे आधी पांढरा, मग लाल. गिलावा पोकळ आहे, आत वीट आहे. लांब स्क्रू घ्या, विटेपर्यंत जायला हवा."

पंधरा मिनिटांत त्यांच्याभोवती पाच-सहा माणसं जमली. कुणी मोबाइलवर दाराचा फोटो दाखवत होतं, कुणी हातवारे करून गळतं छप्पर समजावत होतं. पिवळा टी-शर्टवाला खिशातून कागद काढून लिहून घ्यायला लागला. रिकामी ट्रॉली धरून उभ्या असलेल्या सुनेला मॅनेजर येताना दिसला. आता हा हाकलणार.

मॅनेजर हात बांधून ऐकत उभा राहिला. गर्दी पांगल्यावर म्हणाला, "काकू, शनिवार-रविवार इथे बसाल का? खुर्ची देतो, पगार देतो. माल आमच्याकडे खंडीभर आहे. सांगणारं माणूस नाही."

"उद्या कळवते," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते.

पलीकडे एक नमुन्याचं स्वयंपाकघर मांडलेलं होतं. ओटा, कपाटं, दोन उंच स्टुलं. सासूबाई एका स्टुलावर टेकल्या.

"तुझंच खरं. देऊन टाकू दुकान. इथे गारव्यात बसेन, शिडी चढायला नको. मोकळी झाले बाई."

सुनेला हेच ऐकायचं होतं. पण आतून काही आनंद होईना. दुकानात ती बिलं करायची, फोन घ्यायची, रोज हेच सगळं तिच्या कानांवर पडायचं. पण तिने ते कधी लक्ष देऊन ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात मघाचे चष्मेवाले शोधत आले. "काकू, इथे सुटा वायसर नाहीच म्हणे. कुठे मिळेल?"

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं.

"आमच्याकडे," सून म्हणाली. "बाजाररस्त्यावर, टपालकचेरीच्या समोर. उद्या या. घरच्या घरी कसा बसवायचा तेही दाखवू."

ते गृहस्थ पत्ता पुटपुटत गेले.

"दाखवू म्हणजे कोण?" सासूबाई म्हणाल्या. "मी इथे नोकरीला."

"तुम्ही शनिवार-रविवार. उद्या गुरुवार आहे. आणि तुम्ही नसाल तेव्हा मी दाखवीन."

"तू? तुला पाना धरता येतो?"

"नाही."

"आणि औषधवाल्यांना काय सांगणार?"

सुनेने ट्रॉली बाजूला सारली. "अर्धं दुकान पुरेल का, विचारू. पुढचा भाग त्यांना. मागच्या भागात आपलं टेबल आणि चार स्टुलं. निम्मे डबे काढूनच टाकू, आई. लोक डबे बघायला येत नाहीत."

निम्मे डबे म्हणजे कोणते, याचा हिशेब सासूबाईंच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होता. मग त्या उठल्या, समोरच्या मांडणीवरून एक पाना आणला आणि सुनेच्या हातात दिला. ओट्यावरच्या चकचकीत नळाकडे हनुवटीने खूण केली.

"पाणी जोडलेलं नाही. शिकायला याहून बरी जागा मिळायची नाही. वरचा नट सोडव."

सुनेने पाना लावला, ओठ दाबून जोर केला. काही हललं नाही. तिने पुन्हा जोर केला.

"उलटा फिरवतेयस," सासूबाई म्हणाल्या. पण हात त्यांनी मागेच ठेवले.