मास्तरांचे वर्गीकरण

पक्षाघाताने जीवशास्त्राच्या निवृत्त मास्तरांचे अंग लुळे पडले होते. वाचा शाबूत होती. परंतु शब्द खर्चावा अशा लायकीचे माणूस घरात उरलेले नाही, या ठाम मताने ते मौन पाळून होते. आज त्यांच्याच खाटेवरून टेप ताणून दोघे चिरंजीव त्यांच्या खोलीची वाटणी मोजीत होते.

"दादा, हळू. बाबा ऐकतायत," धाकटा पुटपुटला.

"कसले ऐकतायत! हलणं नाही, बोलणं नाही. वनस्पती झालीये त्यांची."

"मग आपण कोण रे? बुरशी? मेलेल्यावर पोसणारी?" धाकटा खिदळला.

मास्तरांनी सावकाश डोळे उघडले.

"बुरशीची बदनामी करू नकोस, गाढवा. ती जीव जाईपर्यंत थांबते."