विकायला काढलेलं घर

“कुणाचं घर बघायला आलाय?” सबिहानं दार अर्धंच उघडून विचारलं.

“हेच की, चाची. साडेअकराची वेळ दिली होती.”

बाहेर तिशीतलं जोडपं उभं होतं. तरुणानं आपलं नाव दिग्विजय सांगितलं. मूळचा करकंबचा, आता सोलापुरात नोकरीला. सोबत त्याची बायको ऋतुजा. तिच्या हातात मोजायची टेप होती.

“हे घर विकायचं नाही,” सबिहा म्हणाली. “तुमचा पत्ता चुकला असेल.”

ऋतुजानं मोबाइल पुढं केला. पडद्यावर घराची जाहिरात होती. पहिल्या फोटोत फाटक. दुसऱ्यात गच्ची. तिसरा फोटो आतला होता, स्वयंपाकघरातला. नवा काळा ओटा, आणि ओट्यावर सबिहाचा चहाचा कप. कपातून वाफ निघत होती.

सबिहानं मोबाइल जवळ ओढून पाहिलं. फोटो काढणारा तिच्या पाठीमागंच कुठंतरी उभा असणार.

गेले दोन महिने घरात माणसांची ये-जा चालू होती. तिच्या नवऱ्यानं, कासीमनं, दुरुस्तीचा धडाकाच लावला होता. त्याचं पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. एरवी नळ गळला तरी महिनाभर हात न लावणारा माणूस. पण यंदा गच्चीची गळती काढली, ओटा नवा केला, न्हाणीघराच्या फरशा बदलल्या. फरशा तर घाईघाईत दोनदा आणल्या. बटणांच्या प्रत्येक पाटीवर चिठ्ठ्या चिकटवल्या, ‘पंखा’, ‘जिना’, ‘मोटार’. सबिहा हसली होती तेव्हा. “पाहुण्यांना बरं पडतं,” तो म्हणाला होता. गवंडी, रंगारी, प्लंबर, किती जण आत येऊन गेले. त्यातलाच कुणी?

सोलापूरच्या विमानतळावरून विमानं सुरू झाल्यापासून इकडं होटगी रोडच्या बाजूचे जागांचे भाव चढले होते. दलाल गल्लोगल्ली फिरत होते. मागच्याच गल्लीत एका म्हाताऱ्याचा प्लॉट खोट्या कागदांवर परस्पर विकला गेला होता. तो अजून कोर्टात खेटे घालत होता. सबिहा आत धावली. तिनं कपाट उघडलं, मग आतला कप्पा.

खरेदीखताची फाइल जागेवर नव्हती.

तिनं कासीमला फोन लावला. “घरी माणसं आलीत. आपलं घर विकायला काढलंय म्हणतात. कपाटात फाइल नाही.”

“काय?” त्याचा आवाज चिरकला. “कुणी काढलंय? त्यांना सोडू नको. मी आलोच.”

दुकान दहा मिनिटांवर होतं. सबिहानं त्या दोघांना आत घेतलं, बसायला सांगितलं आणि बाहेरच्या दाराला आतून कडी घातली. आता तेही घाबरले. “चाची, आमी अजून काय दिलं-घेतलं न्हाय,” दिग्विजय सारखा म्हणत होता. ऋतुजानं टेप पर्समध्ये टाकली आणि पर्स छातीशी धरली. बाहेर जरा कुठं गाडी थांबली की सबिहा दचकत होती. हीच माणसं चोर असतील तर? यांचे साथीदार मागाहून आले तर? तिनं आतून लाटणं आणून पदराखाली धरलं.

कासीमला यायला पाऊण तास लागला. डोक्यावर हेल्मेट तसंच, शर्ट घामानं भिजलेला. “रस्ता बंद होता,” एवढंच तो म्हणाला. मग दिग्विजयकडं वळला.

“कुणी पाठवलं तुला? दलाल कोण? हे घर माझं आहे. चौतीस वर्षं राहतोय मी इथं. पोलिसांत देईन!”

दिग्विजय कासीमच्या तोंडाकडं बघतच राहिला. मग त्यानं बायकोकडं पाहिलं.

“चाचा,” तो हळूच म्हणाला, “मालकानं मला बोलून मेसेज पाठवलाय. तुमी एकदा ऐका.”

त्यानं फोन टेबलावर ठेवला. खोलीत आवाज उमटला.

“बेटा, घर माझ्या नावावर आहे. कागद दुकानात आणून ठेवलेत. दुरुस्ती सगळी करून घेतलीय, आता काही गळत नाही. फक्त लवकर करा. मला अलीकडं गोष्टी आठवत नाहीत. डॉक्टर म्हणाले, डोकं ठिकाणावर आहे तोवर सह्या उरकून घ्या. हे विकून बायकोच्या नावावर छोटा फ्लॅट घ्यायचाय, कुमठा नाक्याला, तिच्या बहिणीच्या शेजारी. म्हणजे पुढं ती एकटी पडायची नाही. गुरुवारी साडेअकराला या. तेव्हा ती बहिणीकडं असते. तिला मी सांगणारच आहे. आत्ता सांगितलं तर लई घाबरेल.”

सबिहानं पहिल्या शब्दालाच आवाज ओळखला होता. आज गुडघा दुखत होता म्हणून ती बहिणीकडं गेली नव्हती. लाटणं तिच्या हातातून सुटून फरशीवर पडलं, घरंगळत भिंतीला लागलं. कुणी उचललं नाही. ऋतुजा खाली मान घालून बसली होती. 

सबिहानं कासीमचा हात धरला. त्यानं सगळा मेसेज कान देऊन ऐकला होता, एकेक शब्द. मग तो तिच्याजवळ सरकला आणि पाहुण्यांना ऐकू जाणार नाही इतक्या बारीक आवाजात म्हणाला,

“सबिहा, कोण आहे हा माणूस? तुझी बहीण कुठं राहते, हेसुद्धा याला माहीत आहे.”