दोन फवारे

दुपारच्या चिडीचूप घरात फुस्स झालं, पण बाटलीतून नुसतीच हवा आली आणि उज्वलाचं टाळकं सटकलं. वाशीच्या पार्लरवाल्या बाईंनी सांगितल्यापासून रोज तोंड धुतलं की गुलाबपाण्याचे दोन फवारे, एवढंच तर ती स्वतःसाठी करत होती.

"राजे, इकडे ये आधी! परवाच काठोकाठ भरली होती मी. बाहुलीला आंघोळ घातलीस ना?"

"नाही."

"मग काय भिंतीनं प्यायलं?"

"आत्याच्या तोंडावर मारलं. रोजच मारते."

स्वयंपाकघरात तांदूळ निवडणाऱ्या नणंदेचे हात थांबले. तिच्या मोकळ्या कपाळावर अजून बारीक थेंब होते. "माझंच चुकलं वहिनी, मी हिला दटावायला हवं होतं."

उज्वला लेकीवरच करवादली. "आत्यानं मागितलं होतं का तुझ्याकडे?"

"नाही. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तू दारात उभी राहून सगळ्यांवर गुलाबपाणी उडवलंस. ज्यांच्याशी तू बोलत नाहीस ना, त्या समोरच्या काकूंवरपण. आत्याला एकटीलाच आतल्या खोलीत बसवलंस. का गं, आई?"