मदतनीस बाईंचं भाषण

“अगं, पण तुझं आणि त्याचं पद एक आहे का?” साहेबांनी विचारलं.

ती टेबलासमोरून हलली नाही. साहेब म्हणजे मोठे पुढारी. सभागृहात बोलायला उभे राहिले की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना ‘तोफ’ म्हणत. या तोफेत दारूगोळा ठासायचं काम मात्र गेली आठ वर्षं ती करत होती. साहेबांची भाषणं तीच लिहायची. तिच्या शेजारी बसणारा चष्मिष्टही लिहायचा. गेल्या आठवड्यात त्यानं घराच्या कर्जाचा अर्ज तिला भरायला दिला, कारण तिचं अक्षर मोत्यासारखं. ‘पगार’ या रकान्यापाशी येऊन तिचं पेन थांबलं होतं. तिच्या दीडपट!

“पद नसेल साहेब, काम एकच आहे,” ती म्हणाली. “त्याची अर्धी भाषणं मीच दुरुस्त करते.”

“तेच म्हणतोय मी! तुझ्या नेमणुकीच्या पत्रात काय लिहिलंय? मदतनीस. त्याच्या? लेखक. मदतनीस मदत करणारच की!” साहेब स्वतःच्याच विनोदावर हसले. “आणि शुक्रवारी समान वेतनाचा कायदा मांडतोय मी. तुम्हा बायकांसाठीच झटतोय ना? भाषण असं लिही की समोरच्यांची दातखीळ बसली पाहिजे.”

“कायद्यात शब्द काय आहेत, साहेब?”

“‘समान पदाला समान वेतन.’ आहे की नाही झकास?”

झकासच होतं. कायदा होणार, टाळ्या पडणार, आणि ती जन्मभर मदतनीसच राहणार.

“‘पदाला’च्या जागी ‘कामाला’ लिहिलं तर?”

“खुळी की काय! सगळे कारखानदार माझ्या उरावर बसतील. एका शब्दासाठी डोकं खाऊ नकोस. जा, लिही.”

“लिहिते,” ती म्हणाली.

बाहेर चष्मिष्ट वाटच बघत होता. “काय हो ताई, फेकलात का राजीनामा तोंडावर?”

“नाही. भाषण लिहायला घेतलंय.”

“आं? एवढं ऐकून घेऊन? ताई, तुम्ही म्हणजे अगदी गोगलगाय आहात!”

“म्हण तरी पूर्ण करत जा रे,” ती म्हणाली आणि कागद ओढून बसली.

मंगळवारी भाषण साहेबांच्या टेबलावर होतं. बुधवारी तिनं दाढ दुखतेय म्हणून रजा टाकली.

“दाढ दुखतेय ना? मग सकाळपासून काय खरडतेयस?” आई दारातूनच म्हणाली. “कालच तर संपलं म्हणालीस.”

“संपलं गं. पण समोरचा काय बोलेल तेही कळायला नको? दोन्ही बाजू मांडून बघतेय.”

“सोड तो नाद. पगार वाढवणाऱ्यातले नाहीत ते. भिंतीवर डोकं आपटून भिंत फुटते का कधी?”

“डोकं कोण आपटतंय, आई? मी फक्त सैल वीट शोधतेय.”

दुपारी ती डॉक्टरकडे जाऊन येते म्हणून बाहेर पडली आणि तासाभरानं गालातल्या गालात हसत परतली. दाढ दाखवून आलेलं माणूस इतकं खुशीत असतं, हे आईनं पहिल्यांदाच पाहिलं.

शुक्रवारी ती आणि चष्मिष्ट सभागृहाच्या वरच्या सज्जात बसले. खाली तोफ धडाडली. काय ते शब्द, काय ते हातवारे! टाळ्या थांबेनात. चष्मिष्टानं तिला कोपरानं ढोसलं, “ताई, जिंकलो!”

मग समोरच्या बाकावरून या कायद्याचा कट्टर शत्रू उठला. हा पुढारी कधीच आवाज चढवायचा नाही, म्हणून त्याला ‘बर्फ’ म्हणत.

“समानतेवर फार सुंदर बोललात,” बर्फ थंडपणे म्हणाला. “पण तुमच्याच कार्यालयात एक बाई आठ वर्षं भाषणं लिहितात. शेजारचा पुरुषही तेच लिहितो. पगार मात्र त्याला दीडपट. का? तर तो लेखक आणि ही मदतनीस! बाईच्या पदाला वेगळं नाव द्यायचं आणि त्या नावाखाली पगार कापायचा, हाच तुमचा कायदा. हिंमत असेल तर आत्ता इथे ‘पद’ खोडा आणि ‘काम’ लिहा. नाहीतर हे सगळं सोंग होतं म्हणून मोकळे व्हा!”

तोफ शेपूट घालणार अशी खात्री असल्यासारखा तो आरामात खाली बसला. सभागृहात हशा उसळला. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी वर सज्जाकडे पाहिलं. तिच्याकडे नाही, चष्मिष्टाकडे. डोळ्यांनीच भाजून काढलं त्याला.

“आईशपथ, मी नाही फोडलं,” चष्मिष्ट घशातल्या घशात म्हणाला.

पत्रकार माना उंचावून बघत होते. इकडे आड, तिकडे विहीर. साहेबांनी बाकावर मूठ आपटली.

“खोडा ‘पद’! लिहा ‘काम’! आणि सुरुवात माझ्या कार्यालयापासून, सोमवारपासून!”

अकरा मतांच्या फरकानं कायदा मंजूर झाला.

माणसांचा लोंढा ओसरला तेव्हा ती जिना उतरू लागली. मधल्या वळणावर बर्फाचा चिटणीस उभा होता. त्यानं वरखाली बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

“आमचे साहेब जाम खूश आहेत, बाई. म्हणाले, कायदा गेला खड्ड्यात, पण तोफेचा चेहरा बघायला मिळाला. भाषण फक्कड लिहिलंत हं. आणि मानधन आज पोचतं करतो, आमच्या पुरुष लेखकाला देतो तेवढंच.”