दोनातोचं पॅनेल पडलं

दोनातोचं पॅनेल पडल्याची बातमी चौकातून घरी पोहोचली, तसा एर्सिलियाने दाराला अडसर घातला आणि जेवणाचं टेबल ओढून दाराला लावलं. मग ती गाठोडं बांधायला बसली. पाव, चीज, घोंगडी, नवऱ्याचे लोकरी मोजे. मागच्या गोठ्यातून निसटलं की अंधार पडायच्या आत डोंगरावर बहिणीच्या घरी पोहोचू, असा तिचा बेत होता. तोर्रेकूपाचा नगराध्यक्ष दोनातो, म्हणजे आता माजी, चुलीपाशी बसून डाळीचं सूप पीत होता.

"अहो, उठा," ती म्हणाली. "लोक यायच्या आत निघायला हवं."

"सूप गरम आहे," दोनातो म्हणाला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाला काहीच कसं आठवत नाही? त्या खुर्चीवरून उतरलेला एकही माणूस धड घरी आलेला तिने पाहिला नव्हता. ती परकरी पोर होती तेव्हाच्या नगराध्यक्षाला काळ्या शर्टवाल्या फॅसिस्टांनी चौकात ओढून आणून बाटलीभर एरंडेल पाजलं होतं. तो बिचारा पुन्हा कधी मान वर करून चालला नाही. मग काळ्या शर्टवाल्यांचाच एक जण वीस वर्षं ठाण मांडून बसला. रोममध्ये त्यांचं सरकार कोसळलं, तसा तो बायकोची शाल पांघरून पळाला. जर्मनांनी बसवलेला तिसरा तर ओढ्यात मरून पडलेला सापडला. आणि चौथा हा, समोर बसून सूप पिणारा.

याला बसवलं होतं दोस्त राष्ट्रांच्या दोन कॅप्टनांनी. जर्मन गेले त्या उन्हाळ्यात एक इंग्रज आणि एक अमेरिकन एकाच जीपमधून गावात आले. काळ्या शर्टवाल्यांच्या पक्षात कधीच न गेलेला माणूस इथे कोण, असं त्यांनी फादरना विचारलं. फादरनी लाकडी पिंपं बांधणाऱ्या दोनातोकडे बोट दाखवलं. निवडणूक होईपर्यंतच, असं कॅप्टन म्हणाले होते. एर्सिलियाचा त्यावर काडीचाही विश्वास नव्हता. गणवेशातल्या माणसांनी दिलेली वचनं तिने आयुष्यात पुष्कळ ऐकली होती.

त्या दोघांचं आपसात पटायचं नाही. जीप रस्त्याच्या कुठल्या बाजूने हाकायची, इथपासून वाद. पण अमेरिकन पिठाची पोती आणायचा, इंग्रज पाण्याचे नळ आणि पूल बांधणारे शिपाई आणायचा, आणि दोनातो दोघांची मर्जी सांभाळत गावाचा गाडा ओढायचा. नळाला पाणी आलं, शाळेवर छप्पर आलं. त्यापायी दोनातोने किती जणांना नाही म्हटलं, त्याला गणती नव्हती. द्राक्षमळेवाल्या गास्पारेला तर जास्तीचं एक पोतं मागितलं म्हणून भर चौकात हात हलवत परत पाठवलं होतं. आज निवडून आलं होतं ते त्याच गास्पारेचं पॅनेल.

तो आता उट्टं काढल्याशिवाय राहणार नाही, हे तिने नवऱ्याला परोपरीने सांगून पाहिलं. दोनातोने पावाने वाटी पुसली.

तेवढ्यात उताराकडून गडगडाट ऐकू आला. आधी बारीक, मग दगडी गल्लीतून वर वर चढत येणारा. फळीवरच्या बश्या वाजायला लागल्या. रणगाडे गेले होते तेव्हा त्या अशाच वाजल्या होत्या. एर्सिलियाची पाचावर धारण बसली. गाठोडं छातीशी धरून ती मारियामातेचं नाव घेऊ लागली. दोनातो उठला. खिडकीच्या फटीतून त्याने बाहेर पाहिलं आणि त्याला हसू फुटलं. तिने त्याची बाही धरली, तरी त्याने टेबल बाजूला सारलं आणि अडसर काढला.

अख्खं गाव चढ चढत होतं, आणि जो तो एकेक पिंप लोटत आणत होता. तळ गेलेली, फळ्या निखळलेली, गंजक्या पट्ट्यांची पिंपं. जर्मनांनी जाताना बंदुकीच्या दस्त्यांनी फोडून ठेवलेली. सगळ्यांच्या पुढे घामाघूम झालेला गास्पारे होता.

त्याने टोपी काढली. गेली दोन वर्षं गाव दोनातोला साहेब म्हणत होतं.

"मेस्त्री, राग नका धरू," गास्पारे म्हणाला. "ते पोत्याचं मी कधीच विसरलो. दोन हंगाम द्राक्षं पिकली आणि रस भरायला पिंप नाही. परक्यांचं पीठ किती वर्षं खायचं? वाइन विकली गेली, तर आपलं पीठ आपण विकत घेऊ. खुर्चीत बसायला गावात दहा जण मिळतील. पिंपं बांधणारे तुम्ही एकटे. म्हणून पाडलं तुम्हाला."

मागे लगेच भांडण जुंपलं, की कोणाचं पिंप आधी. दोनातो खाली वाकला, एका पिंपावर बोटं वाजवून पाहिली आणि सगळी अंगणात लावायला सांगितली. कोणी त्याच्या अंगावर हात टाकला नाही. कोणी शिवीसुद्धा दिली नाही.

एर्सिलियाचा जीव भांड्यात पडला. ती उंबऱ्यावरच बसली आणि पोटभर रडली. रडून झाल्यावर मात्र तिला राग आला, उगीच घाबरवल्याचा राग.

"आयुष्यात पहिल्यांदा बायकांना मत मिळालं," ती नवऱ्याला म्हणाली. "लग्नातले डूल घालून गेले होते मी. तुम्ही पडलात तर जिवानिशी जाल, म्हणून तुम्हालाच दिलं. फुकट गेलं माझं मत."

"माझं नाही गेलं," अवजारांच्या पेटीत हातोडी शोधत दोनातो म्हणाला. "मी गास्पारेला दिलं."