टोपी काढली की पडायचं

“चेहरा तरी जरा गंभीर करत जा हो, डॉक्टर!” प्रशिक्षक दार लावून घेत म्हणाले. “मागच्या सामन्यात गोलरक्षक बिचारा जीव तोडून विव्हळत होता आणि तुम्ही आपले शेजारी उभे, बसची वाट बघत असल्यासारखे.”

संघाचे डॉक्टर बाकावर बसून बॅगेत पट्ट्या भरत होते. मध्यंतर संपत आलं होतं. खोलीत घामाचा आणि मलमाचा वास कोंडला होता.

“त्याला काही झालं नव्हतं,” ते म्हणाले.

“ते मला सांगताय? पंचाला कळता कामा नये, एवढंच म्हणणं आहे.”

मामला साधा होता. फुटबॉलमध्ये खेळाडूला लागलं आणि डॉक्टर मैदानात गेले, तर त्या खेळाडूला काही वेळ बाहेर जावं लागतं. गोलरक्षकाला ही सक्ती नाही. त्याच्यावर जागेवरच उपचार, आणि तोवर खेळ बंद. नियम करणाऱ्यांनी दयेपोटी ठेवलेल्या या फटीचा या संघाने पार दरवाजा करून टाकला होता. प्रशिक्षकांनी टोपी काढली की गोलरक्षकाने पडायचं, डॉक्टरांनी धावायचं, आणि बाकीच्यांनी कडेला येऊन पाणी प्यायचं, नव्या सूचना ऐकायच्या. तेवढ्यात समोरच्यांचा जोर ओसरायचा. गोलकडे वळून कुणी बघायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. एकदा एक बचावपटू बघून फिसकन हसला, तर पुढचा सामना त्याने बाकावर बसून काढला.

डॉक्टरांना या सगळ्याचा वीट आला होता. हाडं जोडायला शिकलेला माणूस, आणि उतारवयात नशिबी काय, तर धडधाकट गड्याच्या पोटरीवर गार फवारा मारणं! त्यात आज सकाळपासून पित्त खवळलं होतं. जागरण झालं की व्हायचंच ते, म्हणून त्यांनी एक गोळी चघळली आणि विषय सोडून दिला.

जागरणाचं कारण लेक होती. ती वैद्यकीयच्या शेवटच्या वर्षाला. मागचा सामना तिने मैत्रिणींबरोबर टीव्हीवर बघितला आणि काल फोन केला.

“बाबा, त्याला खरंच लागलं होतं?”

“हो गं.”

“बरं,” ती म्हणाली, आणि जेवलात का वगैरे विचारून तिने फोन ठेवला. तिला कळलं होतं. तिला कळलंय हे बापालाही कळलं होतं. मग कसली झोप आणि कसलं काय.

“आज पंचाने विचारलं, तर मी खरं सांगणार आहे,” डॉक्टर म्हणाले.

प्रशिक्षकांचा हात कडीवरच राहिला. “आज हरलो तर आपण खालच्या गटात जातो. पोरं घरी बसतील. तुम्हालाही पुढच्या वर्षी कुणी बोलावणार नाही.”

“माहीत आहे. पण झोपलेल्याला जागं करता येतं हो, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. हे काय डॉक्टरचं काम झालं?”

“अहो, मग जागं करूच नका ना! तेवढंच तर मागतोय!”

डॉक्टरांनी बॅग उचलली.

बोळातून मैदानाकडे जाताना गोलरक्षक त्यांच्या बरोबरीने चालू लागला. त्याच्या आकारामुळे सगळे त्याला पहाड म्हणत.

“डॉक्टरसाहेब, माझ्यावर राग नका धरू. मी सांगकाम्या माणूस. डोळे गच्च मिटून पडतो, तुम्ही उठ म्हणालात की उठतो. डोळे उघडे ठेवले तर मला हसू आवरत नाही.”

“आज मी लगेच उठ म्हणेन.”

“मग सर माझी चामडी लोळवतील,” पहाड म्हणाला आणि हातमोजे चढवत पुढे गेला.

संघ एका गोलने पुढे होता. उत्तरार्धात मात्र समोरच्यांनी नुसता हैदोस घातला. एक फटका खांबाला आपटला. दुसरा पहाडाने कसाबसा बोटांनी बाहेर ढकलला. कडेला उभ्या प्रशिक्षकांनी टोपी काढली.

पुढचाच चेंडू पहाडाने झेप घेऊन पकडला, आणि छाती धरून असा काही कोसळला की प्रेक्षक चुकचुकले.

डॉक्टर धावले. गोल दुसऱ्या टोकाला होता. हातातली बॅग गुडघ्यावर आपटत होती, घामाने सदरा पाठीला चिकटला होता, पण ते मनाशी वाक्य जुळवत होते. याला काहीही झालेलं नाही, खेळ सुरू करा. बस, एवढंच. लेक बघत असेल. बघू दे. कित्येक दिवसांनी त्यांना बरं वाटलं.

पंच कमरेवर हात ठेवून उभा होता. “डॉक्टर, आज खरं सांगा. लागलंय की नाटक?”

“याला...” डॉक्टर म्हणाले.

डाव्या हातातून बॅग गळाली. गुडघे दुमडले, डोकं पहाडाच्या छातीवर टेकलं, आणि एका मुठीने त्यांनी त्याची जर्सी घट्ट धरली.

पंचाचा चेहरा उतरला. छातीला कान लावून ठोके ऐकणाऱ्या डॉक्टरवर कोण संशय घेणार? त्याने घड्याळ थांबवलं, समोरच्या खेळाडूंना मागे हटवलं आणि पाठ करून उभा राहिला. कडेला पोरं पाणी पीत होती. कुणी वळून बघितलं नाही.

“वा, डॉक्टरसाहेब!” पहाड डोळे न उघडताच पुटपुटला. “ऐकलंत म्हणायचं सरांचं. पण जर्सी फार आवळताय हो.”

जर्सीवरची मूठ हळूहळू सैल झाली.

“हां, आता कसं,” पहाड म्हणाला. “घाई नाही. तुम्ही सांगाल तेव्हाच उठतो.”